बाई कुठल्या रकान्यात लिहायची?

'अमुकतमुक यातील स्त्री-प्रतिमांचा चिकित्सक अभ्यास' असा विषय घेऊन तुमच्यापैकी कोणी सिनॉप्सिस लिहायला बसलं असेल, तर आधी हे वाचा. विषय वाईट नाही. उलट चांगला आहे, म्हणून तर सगळे तिकडे वळतात आणि बहुतेक वेळा त्याची माती करतात. अशी एक माती मी यंदा अगदी जवळून बघितली. त्यात माझाही हात होता, म्हणून हे लिहितेय.

माझी एक मैत्रीण शिक्षणशास्त्रात पीएच.डी. करतेय. उच्च माध्यमिक वर्गांत इंग्रजीच्या तासाला ज्या कादंबऱ्या शिकवतात, त्यांतलं लिंगभाव-चित्रण तिला तपासायचं होतं. ती साहित्याकडून आलेली, मी प्राणिशास्त्राकडून. मी पावसाळ्यात रात्री बॅटरी घेऊन सह्याद्रीत बेडूक मोजत फिरते. त्यामुळे दिसेल ते मोजायचं ही माझी खोड. तिला म्हटलं, मतं मांडत बसू नकोस, मोज. एक्सेलमध्ये रकाने कर. पात्राचं नाव, स्त्री की पुरुष, उल्लेख किती, बोलतं किती वाक्यं, व्यवसाय काय, सक्रिय की निष्क्रिय. लेखकही मोज. मग टक्केवारी काढ, तक्ते लाव, काम झालं.

चार महिने तिने ते केलं. सल्लागार समितीपुढे प्रेझेंटेशन झालं. तक्ते छान रंगीत होते. समितीतल्या एका मॅडमनी एकच प्रश्न विचारला, "हे सगळं मोजल्यावर तुम्हाला असं काय कळलं, जे पुस्तकं न उघडता सांगता आलं नसतं?" हिला उत्तर देता आलं नाही. सिनॉप्सिस परत. एक सेमिस्टर गेलं. तिने मला एका शब्दानेही बोल लावला नाही, त्याचंच जास्त वाईट वाटलं.

मग त्या कादंबऱ्या मी स्वतः वाचायला घेतल्या. रकाने न करता, सरळ गोष्ट म्हणून. तेव्हा कळलं की मी तिला नुसता अपुरा सल्ला दिला नव्हता, उलटा सल्ला दिला होता. कसा ते सांगते. पण आधी या मोजणीची थोडी पार्श्वभूमी, कारण मोजणी मुळातच फालतू असते असं मला अजिबात म्हणायचं नाही.

या विषयात सगळे ज्याचा हवाला देतात तो अभ्यास अमेरिकेतला आहे. आर्थर ॲपलबी यांनी 1989 मध्ये तिथल्या हायस्कुलांत इंग्रजीच्या तासाला कुठली पूर्ण पुस्तकं शिकवली जातात याची पाहणी प्रसिद्ध केली. सर्वाधिक ठिकाणी लावलेल्या पहिल्या दहांत शेक्सपिअरची चार नाटकं होती. बाकी 'हकलबेरी फिन', 'द स्कार्लेट लेटर', 'द ग्रेट गॅट्स्बी', 'ऑफ माइस अँड मेन', 'लॉर्ड ऑफ द फ्लाइज' अशी मंडळी. दहांत बाईने लिहिलेलं पुस्तक एकच, हार्पर ली यांचं 'टू किल अ मॉकिंगबर्ड'. ही मोजणी उपयोगाची होती. 'आम्ही उत्तम साहित्य शिकवतो, स्त्री-पुरुष बघत नाही' असं म्हणणाऱ्यांच्या हातात तिने कागद ठेवला. आकड्याचं काम तिथे संपतं आणि पुढचं काम वाचणाऱ्याचं असतं. 'लॉर्ड ऑफ द फ्लाइज'च्या बेटावर एकही मुलगी नाही. 'ऑफ माइस अँड मेन'मधल्या एकमेव महत्त्वाच्या बाईला लेखक नावच देत नाही, ती शेवटपर्यंत कर्लीची बायको. तक्त्यात एकीकडे शून्य येईल आणि दुसरीकडे एक. पण मुली नसलेलं बेट आणि नाव नसलेली बाई यांतलं वाचकावर जास्त काय परिणाम करतं, ते शून्य आणि एक सांगणार नाहीत.

(जाता जाता एक सूचना. लेखकाचं लिंग नावावरून ओळखणारा प्रोग्रॅम वापरणार असाल तर सावध. हार्पर हे नाव त्याला बुचकळ्यात टाकेल. सीबीएसईच्या बारावीला काही वर्षं 'सायलस मार्नर' हा पर्याय होता. तिचा लेखक जॉर्ज एलियट म्हणजे मेरी ॲन इव्हान्स. प्रोग्रॅम तिला बिनदिक्कत पुरुषांत टाकेल.)

आता आपल्याकडे या. बालभारतीच्या बारावीच्या इंग्रजी 'युवकभारती'त 2020 पासून कादंबरीचा स्वतंत्र विभाग आहे. त्यात तीन कादंबऱ्यांचे उतारे आहेत: इ. आर. ब्रेथवेट यांची 'टू सर, विथ लव्ह', जूल्स व्हर्नची 'अराउंड द वर्ल्ड इन एटी डेज' आणि आर्थर कॉनन डॉइलची 'द साइन ऑफ फोर'. कला, वाणिज्य, विज्ञान कुठलीही शाखा घ्या, बोर्डाचं इंग्रजी चुकत नाही. त्यामुळे कित्येक मुलामुलींच्या आयुष्यातली ही पहिली इंग्रजी कादंबरी असते, तीही तुकड्यात. तीन कादंबऱ्या, तीन लेखक, तिन्ही पुरुष. आमच्या पहिल्या तक्त्यात हे ठळक लाल रंगात होतं. खरं आहे आणि खटकणारं आहे. पण ते सांगायला चार महिने लागत नाहीत, अनुक्रमणिका पुरते.

डॉइलपासून सुरुवात करू, कारण तिथे आमची मोजणी सगळ्यात जास्त फसली.

'द साइन ऑफ फोर' 1890 ची. मेरी मॉर्स्टन ही तरुण गव्हर्नेस होम्सकडे येते. तिचे वडील, भारतात नोकरीला असलेले सैन्यातले कॅप्टन, 1878 मध्ये लंडनमधून गायब झालेले. 1882 पासून दर वर्षी तिला टपालाने एक मोती येतोय आणि आता एक निनावी पत्र आलंय. पाठ्यपुस्तकात हाच भाग येतो. आमच्या तक्त्यात मेरीने उत्तम गुण मिळवले. नोकरी करते, स्वतः गुप्तहेराकडे येते, नीट मुद्देसूद बोलते, पुरावे सोबत आणते. 'सक्रिय' समोर टिक.

आणि बेखडेल कसोटी? ॲलिसन बेखडेल यांच्या 1985 च्या एका चित्रपट्टीतून आलेली ही कसोटी तुम्हाला माहीत असेलच: कथेत किमान दोन बायका असाव्यात, त्यांनी एकमेकींशी बोलावं आणि ते बोलणं पुरुषाविषयी नसावं. 'द साइन ऑफ फोर' ही कसोटी पास होते! कशी, तर पाँडिचेरी लॉजमध्ये घाबरलेली हाउसकीपर मिसेस बर्नस्टोन मेरीला बघून म्हणते की तुझा शांत चेहरा बघून बरं वाटलं, आज माझी फार परीक्षा झाली. झालं. तेवढ्या दोन-तीन वाक्यांवर अख्खी कादंबरी उत्तीर्ण. आम्ही ते तक्त्यात प्रामाणिकपणे लिहिलं होतं, 'होय'.

आता कादंबरी शेवटपर्यंत वाचा. आग्र्याच्या खजिन्यात मेरीचा वाटा आहे. एकूण खजिना पाच लाख पौंडांच्या घरातला. वॉटसनचं तिच्यावर प्रेम बसलंय, पण ती श्रीमंत झाली तर आपण पैशासाठी मागे लागलो असं दिसेल, या विचाराने तो गप्प आहे. मग तो पेटी घेऊन तिच्या घरी जातो. पेटी रिकामी निघते, जोनाथन स्मॉलने सगळा ऐवज थेम्समध्ये फेकलेला. आणि वॉटसन देवाचे आभार मानतो! इथवर ठीक आहे, माणूस प्रेमात आहे. पण लेखक मेरीकडूनही देवाचे आभार मानवून घेतो. बापाचा मृत्यू ज्याच्यापायी झाला, ती आपल्या हक्काची संपत्ती नदीत गेली याचा आनंद गव्हर्नेसची नोकरी करणाऱ्या मुलीने मानायचा, कारण आता तिला मागणी घालता येईल. तिचं गरीब राहणं ही प्रेमकथेची अट आहे. अट तिने घातलेली नाही, पण मान्य मात्र तिने आनंदाने करायची.

आणि खरी गंमत शेवटच्या पानांवर आहे. तिथे होम्स एक गोष्ट सहज बोलून जातो: मेरीला या कामाची उपजत बुद्धी होती, बापाच्या कागदांतून तिने नेमका तो आग्र्याचा नकाशा जपून ठेवला ते बघा. म्हणजे कादंबरीतल्या सगळ्यात हुशार माणसाने तिला सहकारी होण्याच्या लायकीची ठरवलंय. कधी? तिचं लग्न ठरल्याची बातमी ऐकल्यावर, आणि या लग्नाबद्दल मी तुझं अभिनंदन करू शकत नाही असं वॉटसनला सांगताना. मग दोघे मित्र हिशोब करतात. काम सगळं होम्सने केलं, श्रेय पोलिसातल्या जोन्सला मिळालं, वॉटसनला बायको मिळाली, होम्सला काय? त्याला कोकेनची बाटली. हे वाटप तुम्ही वाचून बघा. तीन पुरुष वाटेकरी आहेत. ज्या बाईने प्रकरण आणलं आणि नकाशा जपला, ती वाटेकऱ्यांत नाही. ती वाटणीतली एक वस्तू आहे.

हे वाचल्यावर मी व्हर्न पुन्हा उघडला. 'अराउंड द वर्ल्ड...' फ्रेंचमधून 1872 मध्ये क्रमशः आणि 1873 मध्ये पुस्तक म्हणून आली. तिच्यातली आउदा ही तर आपल्या मुंबईची! पारशी व्यापाऱ्याची मुलगी, इंग्रजी शिक्षण घेतलेली, व्हर्नच्या म्हणण्याप्रमाणे सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या नात्यातली. हो, तेच ते जे. जे. हॉस्पिटल आणि जे. जे. स्कूल ऑफ आर्टवाले. अशा घरातल्या पोरीचं लग्न बुंदेलखंडच्या म्हाताऱ्या राजाशी लावून तिला सती पाठवायची, हे व्हर्नने कुठून काढलं देव जाणे. पारशी समाजात ना सती, ना दहन. पण युरोपातल्या वाचकाला वाचवायला एक भारतीय विधवा हवी होती आणि ती प्रेमात पडण्याजोगीही हवी होती. म्हणून ती युरोपियनाइतकी गोरी आणि शुद्ध इंग्रजी बोलणारी. इथे तुमचा 'लिंग' हा एकटा व्हेरिएबल कोलमडतो, हे लक्षात घ्या. आउदाला जे मिळतं ते स्त्री म्हणून मिळतं, वर्णामुळे की वर्गामुळे? आम्ही प्रयोगशाळेत याला कन्फाउंडिंग म्हणतो. डॉइलकडेही तेच. मेरी निदान बोलते तरी. अंदमानचा टोंगा पुरुष असून त्याला एक वाक्य मिळत नाही, आणि सगळे त्याच्याकडे जनावर बघावं तसं बघतात.

तर आउदा. पुढे जग फिरताना ती सोबत असते आणि फारसं बोलत नाही. अमेरिकेत रेल्वेवर सू टोळ्यांचा हल्ला होतो तेव्हा ती रिव्हॉल्व्हर घेऊन खिडकीतून गोळ्या झाडते. आम्ही अर्थातच तिथे 'सक्रिय'ला टिक केलं होतं. शेवटी ती फॉगशी लग्न करते. तिथे आम्ही लिहिलं, 'पारंपरिक भूमिका'.

मी जर एका बेडकाबद्दल असं निरीक्षण नोंदवलं असतं ना, माझ्या गाइडने वही फेकून दिली असती. कारण बघा. त्या गोळ्या झाडल्या नसत्या तरी कथेत काही बदललं नसतं. पण शेवट आठवा. फॉग लंडनला पोचतो तो पाच मिनिटं उशिरा, असं त्याला वाटतं. वीस हजार पौंडांची पैज हरलो म्हणून घरी बसतो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आउदापुढे आपल्या परिस्थितीची कबुली देतो, आणि ती विचारते, मला पत्नी म्हणून स्वीकाराल का? ती विचारते, तो नाही. 1872 च्या कादंबरीत. तो हो म्हणतो आणि पासपार्टूला पाद्रीबुवांकडे पिटाळलं जातं, उद्या सोमवारी लग्न लावाल का विचारायला. तिथे कळतं की उद्या सोमवार नाही, रविवार आहे. आज शनिवार आहे! पासपार्टू धावत येतो, फॉगला ओढत क्लबात नेतो, आणि पावणेनऊच्या ठोक्याला पैज जिंकली जाते.

आता त्या संध्याकाळी आउदाने तोंड उघडलं नसतं तर? पाद्रीबुवांकडे कोणी गेलं नसतं, वार कळला नसता, आठ पंचेचाळीस होऊन गेले असते आणि फॉग घरात बसून जिंकलेली पैज हरला असता. सबंध कादंबरीची बिजागरी त्या एका वाक्यात आहे. श्रेय कोणाला? व्हर्न लगेच खगोलशास्त्र समजावायला लागतो: पूर्वेकडे जाताना दर अंशाला चार मिनिटं, तीनशे साठ अंशांची चोवीस तास, असा एक दिवस वाचला. गणित बरोबर आहे. पण वाचलेला दिवस खिशात असून उपयोग नव्हता, तो आहे हे कळायला आउदा लागली. त्याची कबुली फॉग शेवटी आउदाशी बोलताना एका वाक्यात देतो, तेवढंच. आणि शेवटच्या परिच्छेदात पुन्हा तोच प्रकार, हिशोब! फॉगने एवढ्या प्रवासातून कमावलं काय? पैशात जवळपास काही नाही. मिळाली ती एक सुंदर बायको, जिने त्याला सुखी केलं. दोन वेगळ्या भाषांतल्या, वेगळ्या जातकुळीच्या दोन कादंबऱ्या, आणि दोन्हींचा शेवट जमाखर्चाने. दोन्हीकडे बाई जमेच्या बाजूला लिहिलेली, आणि दोन्हीकडे जमाखर्च शक्य करणारी तीच.

माझ्या सल्ल्यातली चूक मला इथे दिसली. आणि ती चूक मला माझ्याच कामात आधी दिसायला हवी होती. पावसाळ्यात आम्ही बेडूक आवाजावरून मोजतो. पण बहुतेक जातींत ओरडतो तो नर. माद्या चिखलात गप्प बसून असतात आणि कोणाकडे जायचं ते ठरवतात. आवाजावर गणना केली तर तुमच्या वहीत सगळे नरच येणार. यावरून तळ्यात माद्या नाहीत असं म्हणणारा विद्यार्थी पहिल्याच वर्षी घरी जातो. आणि मी मैत्रिणीला काय सांगितलं होतं? संवादाची वाक्यं मोज.

तिसरी कादंबरी वेगळी आहे, आणि खरं सांगायचं तर तिच्याबद्दल लिहायला मी कचरतेय. 'टू सर, विथ लव्ह' (1959) मला मनापासून आवडते. ब्रेथवेट ब्रिटिश गयानाचे, शिकलेले इंजिनिअर, महायुद्धात हवाई दलात होते. तरी केवळ काळा म्हणून लंडनमध्ये नोकरी नाही, शेवटी ईस्ट एंडच्या शाळेत शिक्षक. हा अपमान ते ज्या संयमाने लिहितात तो विसरता येत नाही. पाठ्यपुस्तकात त्या शाळेतल्या साप्ताहिक रिव्ह्यूचा आणि विद्यार्थी परिषदेचा भाग घेतलाय. मुलं-मुली समोर उभं राहून शिक्षकांना प्रश्न विचारतात. निवड चांगली आहे.

पण हा वर्ग सरांच्या हातात आला कसा, ते उताऱ्यात नाही. मूळ कादंबरीत एक दिवस सर वर्गात येतात तर शेगडीत कोणीतरी वापरलेलं सॅनिटरी पॅड जाळायला टाकलेलं. ते मुलग्यांना बाहेर काढतात आणि मुलींना असं काही सुनावतात की वाचताना आपण खाली बघतो. सभ्य स्त्री अशा गोष्टी झाकून ठेवते, हे त्यातलं सौम्यात सौम्य. त्या रागातून आणि नंतरच्या विचारातून नवे नियम येतात: सरांना सर म्हणायचं, मुलींना 'मिस' लावून हाक मारायची. एक मुलगा विचारतो, ओळखीच्या पोरींना 'मिस' कशाला? सर विचारतात, यांतली कोणी या आदराला लायक नाही असं तुला वाटतं का? मुलगा मुलींकडे बघतो आणि नाही म्हणतो. प्रसंग सुंदर लिहिलाय. पण त्याची बांधणी बघा. मुलींचा आदर आधी शरमेने कमवून घेतला, मग एका मुलाकडून तपासून घेतला. कोणी मुलीला विचारलं नाही की पॅड टाकायला शाळेत दुसरी जागा होती का. माझ्या शाळेत नव्हती. आम्ही वर्तमानपत्रात गुंडाळून दप्तरात घरी न्यायचो. कुठल्याही मॅडमनी आमच्यावर ओरडायची वेळ येऊ दिली नाही, इतक्या आम्ही सभ्य होतो.

हा प्रसंग सतरा वर्षांच्या मुलांच्या पुस्तकात घ्यावा का? माझं मत, घ्यावा. मैत्रिणीचं मत, शिक्षकाची तयारी नसेल तर तो वर्गात फक्त खिदळण्यात जाईल. तिने वर्गांत शिकवलंय, मी नाही. पण तो न घेतल्याने काय झालंय हे दोघींनाही दिसतं. उताऱ्यातले सर निखळ उदार दिसतात आणि मुली जन्मतःच 'मिस' असल्यासारख्या. दुसरी कापली गेलेली बाई म्हणजे गिलियन, सरांची सहकारी आणि प्रेयसी. रेस्टॉरंटमध्ये वेटर सरांच्या रंगावरून नीट अपमान करतो, सर गिळून बसतात. गिलियन उठून बाहेर पडते आणि घरी पोचल्यावर त्यांच्यावर तुटून पडते, तू नुसता बसून राहिलास म्हणून. सबंध कादंबरीत सरांच्या संयमाला प्रश्न विचारणारा सगळ्यात धारदार आवाज तिचा आहे. संयम हा काळ्या माणसाला परवडणारा एकमेव पर्याय होता की नाही, हा वाद तिथे पेटतो. सरांचं बरोबर की तिचं, मी अजून ठरवू शकलेले नाही.

आता पद्धतीबद्दल, कारण तुमच्यापैकी बऱ्याच जणांना तेच हवं असणार. मैत्रिणीने नियमाप्रमाणे दुसरी कोडर घेतली होती, म्हणजे मीच. दोघींनी स्वतंत्रपणे तक्ता भरायचा आणि मग कोहेनचा कप्पा काढायचा, म्हणजे योगायोगाने जुळलेलं वजा जाता आपलं खरंच किती जुळलं ते कळतं. नाव, लिंग, व्यवसाय यांत मस्त जुळलं. 'सक्रिय की निष्क्रिय' या रकान्यात दाणादाण. आम्ही काय केलं? बहुतेक शोधनिबंधांत लिहितात तेच: मतभेद चर्चेने मिटवले. चहा घेत एका संध्याकाळी मिटवून टाकले. आज मागे वळून बघते तर मतभेद कुठे होते? मेरीने खजिन्याबद्दल आभार मानले तिथे. आउदाने विचारलं तिथे. सगळे कचरत असताना काळ्या वर्गमित्राच्या घरी फुलं घेऊन जायला पामेला डेअर उभी राहते तिथे. म्हणजे जिथे कादंबरी बाईच्या बाबतीत स्वतःशीच भांडते, नेमकं तिथेच आम्ही दोघी भांडत होतो. तो गोंगाट नव्हता, तोच आमचा डेटा होता. तो आम्ही चहासोबत पिऊन टाकला.

नव्या सिनॉप्सिसमध्ये तिने उल्लेख आणि वाक्यं मोजणं परिशिष्टात टाकलंय. मुख्य तक्त्यात आता पात्र नाही, कृती आहे. प्रत्येक कृतीपुढे दोन प्रश्न: ही काढून टाकली तर कथा कुठे अडते? आणि तिचं श्रेय कादंबरी कोणाच्या नावावर लिहिते? तिसरा रकाना उताऱ्याचा, ही कृती पाठ्यपुस्तकात आली की कापली गेली. दोन कोडरचे मतभेद मिटवायचे नाहीत, जसेच्या तसे प्रकरणात लिहायचे. व्हर्न आणि डॉइल दोघंही प्रोजेक्ट गुटेनबर्गवर फुकट आहेत. तुम्हीही पाठ्यपुस्तक शेजारी ठेवून करून बघू शकता. समितीपुढे ती पुढच्या महिन्यात जातेय.

पायलट म्हणून तिने बारावीच्या एका वर्गात विचारलं, फॉगला पैज कोणी जिंकून दिली? फॉग, पासपार्टू, पृथ्वी, अशी उत्तरं आली. एकाने "रविवार" असं सांगितलं. ते तिने वेगळं टिपून ठेवलंय, कारण निदान तो योग्य संध्याकाळपर्यंत पोचला होता.

एक पात्र मात्र आम्हाला अजून कुठेच बसवता आलेलं नाही. डॉइलच्या कादंबरीत धक्क्यावर मिसेस स्मिथ भेटते, बोटवाल्याची बायको. होम्स तिच्या लहान पोराचं कौतुक करतो, त्याला दोन शिलिंग देतो, आणि ती बोलता बोलता सगळं सांगून टाकते: नवरा कधी गेला, लाकडी पायाचा माणूस कधी आला, बोटीचं नाव काय, रंग कोणता, धुराड्यावर पट्टा कसा. ती बोलली नसती तर तपास तिथेच बुडाला असता. पण आपण काय देतोय हे तिला ठाऊक नाही, आणि होम्स वॉटसनला सांगतो की अशा लोकांना त्यांच्या माहितीची किंमत कळू द्यायची नसते. मैत्रीण म्हणते, हिला कृतीच्या रकान्यात घ्यायचं, कथा तिच्यावाचून अडते. मी म्हणते, जे तिने केलं ते तिच्याकडून काढून घेतलंय, त्याला तिची कृती कसं म्हणायचं? तीन आठवडे झाले, त्या ओळीतला चौकोन रिकामाच आहे.